कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा आणि ऑकलंडची दुसरी खेप

व्हिसाच्या अर्जातल्या 'कधी शिक्षा झाली आहे का?' या प्रश्नापुढे पिंपरीच्या एजंटाने मला न विचारता 'नाही' लिहून टाकलं होतं. ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तेच तोंडी विचारलं, मी 'हो' म्हटलं, आणि मला तिथूनच परत पाठवलं. बाहेर माझी थोरली बहीण व्हीलचेअरमध्ये वाट बघत होती. पुढच्या वर्षी ताईची वाचा गेली. म्हणून यंदा पुन्हा निघाले. या वेळी अर्ज माझा मी भरला.

गुन्हा सांगून टाकते. चाकणच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. दुसऱ्या शिफ्टच्या मुलींची बस कंपनीने बंद केली. पोरी अंधारात हायवेने चालत जायच्या. आम्ही गेट अडवून बसलो. दंड झाला, शिवाय कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायची शिक्षा. न्यायाधीश उठले, मी घरी आले.

तुमचंही असं काही असेल तर निकालाची प्रमाणित प्रत काढा, पोलिसांचा दाखला घ्या, आणि पूर्वी परत पाठवलं होतं तेही लिहा. वेळ लागतो. तिकीट आधी काढू नका.

ताईचा मुलगा फोनवर म्हणाला, "मावशी, पश्चात्ताप होतो एवढं एक वाक्य टाक ना. तुझं काय जातंय?"

"कंपनीला झालाय का? त्यांना लिहू दे."

"आई वाट बघतेय गं."

हे मात्र लागलं. तरी नाही लिहिलं. व्हिसा आला.

पिंपळे सौदागरहून मुंबई विमानतळापर्यंत टॅक्सी घेतली. दुपारीच निघा; हिंजवडीची ऑफिसं सुटली की वाकडलाच अडकाल. सिंगापूरला विमान बदललं. तिथली कॉफी महाग आणि पांचट.

ऑकलंडला काउंटरवर तरुण मुलगी होती. "तुरुंगात किती दिवस होतात?"

"दिवस कसले? संध्याकाळी चहाला घरी होते."

"आज त्याबद्दल काय वाटतं?"

"बस पुन्हा सुरू झाली. बरं वाटतं."

तिने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. परत येऊन तिने शिक्का मारला. पुढे शेंगदाण्याच्या चटणीची तपासणी माझ्या गुन्ह्यापेक्षा जास्त वेळ चालली. खायचं सगळं जाहीर करा, नाहीतर दंड भरा.

ताईने मला ओळखलं. हात धरला तो जेवायलाही सोडेना. ओठ हलवत राहिली, शब्द आला नाही. मला 'बेबी' म्हणणारी जगात ती एकच उरली आहे.

परतल्यावर शेजारच्या देशमुखबाई म्हणाल्या, "भेट झाली ना? मग सोडा आता त्या एजंटावरचा राग."

भेट झाली, बोलणं राहिलं ते राहिलंच. काल त्याच्या दुकानात जाऊन बसले. समोर एक जोडपं सही करत होतं. म्हटलं, "आधी वाचा, मग सही करा."

"मॅडम, गिऱ्हाईक तोडताय माझं," तो म्हणाला.

"हो."

उद्याही जाणार आहे.