एल्विनची आखूड गोळी

एल्विन ट्रेंगोव्हबद्दल लिहायला मला बसवलंय खरं, पण आधीच सांगून ठेवतो की मी त्याच्यावर एकवीस वर्षं जळतो आहे. पोर्ट पेनरिनच्या आमच्या रायफल क्लबात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यालाही. मी डेस हॉकिंग, बार्लीच्या कोठारावर वजनकाटा सांभाळतो. तो शेतांवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करतो. क्लबाच्या भिंतीवर एक लाकडी फळा आहे, त्यावर दरवर्षीच्या विजेत्याचं नाव सोनेरी रंगात लिहितात. एल्विनचं नाव त्यावर अकरा वेळा आहे. माझं एकदाही नाही, आणि ते एकदा तरी लागावं याखेरीज मी देवाकडे फारसं काही मागितलेलं नाही.

माणूस दिसायला काहीच नाही. बुटका, जाड बोटांचा, ग्रीसचे डाग पडलेली टोपी घालणारा. स्पर्धेच्या सकाळी माझ्या घशाखाली चहा उतरत नाही, तर हा गडी मटण-बटाटा भरून करंजीसारख्या वळलेल्या, भाजलेल्या दोन पेस्ट्या सॉसमध्ये बुडवून आरामात खातो. त्या पेस्ट्या माझ्याच बायकोने केलेल्या असतात. त्याला आवडते म्हणून त्याच्या पेस्टीची कड ती जाड वळते. मला कशी कड आवडते, हे तीस वर्षांत तिने विचारलेलं नाही.

आमचं खरं भांडण होतं गोळीवरून. हजार यार्डांवरून, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरवरून, नेम धरायचा तर दोन गोष्टी हव्यात आणि दोन्ही एका गोळीत मिळत नाहीत. लांब, टोकदार, जड गोळी वाऱ्याला फारशी दाद देत नाही, पण ती लहरी. वारा पडलेला असतानासुद्धा दहा गोळ्या थोड्या पसरतात. आखूड, हलकी गोळी प्रामाणिक. वारा नसेल तर भोकावर भोक पाडते, पण खाडीवरून झुळूक आली की तिला घेऊन जाते. आम्ही काडतुसं घरीच भरतो, तेव्हा कुठली निवडायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. अख्ख्या क्लबाने लांब गोळी धरली होती. एल्विन एकटा आखूड वापरायचा.

"अरे, वारा तुला गिळून टाकेल एक दिवस," मी त्याला म्हणायचो.

"वारा दिसतो रे, डेस. जेवढा दिसतो तेवढं बाजूला धरायचं. पण गोळीच मनाला येईल तिकडे जायला लागली, तर चूक वाऱ्याची का गोळीची, हे कळायचं कसं?"

चाळीस वर्षं पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांवर लटकलेल्या माणसाला वारा दिसतो, तर दिसो बापडा. मला दिसत नाही. एक वर्ष चोरून मीही आखूड गोळी भरून पाहिली आणि नववा आलो. एल्विनला ते माझ्या पेटीतल्या काडतुसांवरून कळलं असणार. एका शब्दाने बोलला नाही. चार लोकांत टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मागच्या ऑक्टोबरातल्या अजिंक्यपदाच्या दिवशी वारा माझ्या बाजूने उठला. सकाळपासून खाडीवरून असा सुटला होता की मैदानावरचे झेंडे एक डावीकडे तर एक उजवीकडे फडफडत होते. हलक्या गोळीवाल्याचे हाल होणार, हे उघड होतं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मीही एक पेस्टी खाल्ली.

शेवटच्या फेरीत आम्ही शेजारी-शेजारी पडून होतो. त्याचं लक्ष्य तीन नंबरचं, माझं चार. मागे खुर्चीवर क्लबाची कॅप्टन मर्ल रॉडा दोघांचे गुण लिहीत होती. प्रत्येकी दहा गोळ्या, एका गोळीला जास्तीत जास्त पाच गुण. नऊ झाल्या तेव्हा माझे त्रेचाळीस होते, एल्विनचे बेचाळीस. बाकीचे कधीच मागे पडले होते. एकच गोळी राहिली होती आणि त्या फळ्यावरची माझी जागा मला दिसायला लागली होती.

आमच्याकडे नवख्याला पहिल्या दिवशी शिकवतात, की चाप ओढण्याआधी आपल्या लक्ष्याचा आकडा पुटपुटायचा. इतक्या लांबून सगळी लक्ष्यं सारखीच दिसतात आणि भलत्याच्या लक्ष्यावर गोळी जाते. तशी गेली तर आपल्याला शून्य. आणि ज्याच्या लक्ष्यावर दोन भोकं पडली, त्याला त्यातलं जास्त गुणांचं मिळतं, कारण कुठलं भोक कुणाचं हे कागद सांगत नाही.

मी मात्र एल्विनचंच लक्ष्य दुर्बिणीतून बघत होतो. पूर्ण फेरीभर तेच केलं होतं, प्रत्येक गोळीला, त्याचं कुठे चुकतंय म्हणून. शेवटच्या गोळीलाही आधी त्याच्याकडे पाहिलं, मग रायफलीला गाल लावला. वारा अचानक वाढला. मी उजवीकडे धरलं, जरा आणखी उजवीकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हा वारा मला दिसतोय. आकडा पुटपुटलो आणि चाप ओढला. एल्विनचाही बार त्याच क्षणी झाला.

चार नंबरचं लक्ष्य जागचं हललं नाही. तीन नंबरचं मात्र खड्ड्यातल्या माणसांनी भोकांवर खूण लावायला खाली ओढलं आणि वर आलं तेव्हा त्यावर दोन खुणा होत्या. एक डावीकडे, तीन गुणांच्या पट्ट्यात. दुसरी काळ्याच्या अगदी मधोमध.

"डेस," मर्ल हळूच म्हणाली, "तू आत्ता 'तीन' म्हणालास रे. मला ऐकू आलं."

मीही ते ऐकलं असणार, पण डोक्यात तीनच होता. मला शून्य मिळालं, एल्विनला पाच. त्रेचाळीस आणि सत्तेचाळीस. मी नीट माझ्या कागदावर मारली असती तर माझे अठ्ठेचाळीस झाले असते आणि त्याचे पंचेचाळीस. हे गणित मी तिथे पडल्या पडल्याच केलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. पण बक्षिसाच्या वेळी एल्विन टोपी काढून उभा राहिला. हा माणूस अकरा वेळा जिंकून कधी दोन वाक्यं बोलला नव्हता.

"मधली गोळी माझी नव्हे," तो म्हणाला. "माझी डावीकडे गेली, वाऱ्याने नेली. मधली डेसची. तसल्या वाऱ्यात तशी गोळी मी कधी मारलेली नाही. नियम आहे म्हणून कप घेतोय, पण फळ्यावर त्याचं नाव लावलंत तर माझी हरकत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कुणासाठी? त्याच्यासाठी. माझी बायको तर डोळे पुसत होती. माझ्याच गोळीवर जिंकला, आणि वर मोठेपणाही त्यानेच घेतला. सगळे माझ्याकडे वळले. मी फक्त मान हलवायची होती. निवड माझीच बरोबर होती, लांब गोळीच टिकली, नेम माझा होता, हे सगळं तो स्वतःच्या तोंडाने कबूल करत होता.

"नाही," मी म्हणालो. "डावीकडची माझी. चाप ओढतानाच हात हलला माझा. मधली त्याचीच."

एल्विन माझ्याकडे वळला. "डेस, हलकी गोळी त्या वाऱ्यात मध्ये जाईल का? तुला माहितेय."

"गेली ना पण," मी म्हणालो.

झालं. मर्लने मान डोलावली आणि फळ्यावर बाराव्यांदा ट्रेंगोव्ह लागला. पुढच्या महिन्यात निम्म्या क्लबाने आखूड गोळ्या मागवल्या. तसल्या वाऱ्यातही त्या टिकतात, हे म्हणे सिद्धच झालं होतं. मी अजून लांबच वापरतो. आयुष्यात एकदाच मला वारा दिसला आणि एकदाच मी तसा नेम मारला, आणि तो मी माझ्या तोंडाने त्याला देऊन टाकला, केवळ त्याने तो मला देऊ नये म्हणून.