भरलेल्या गाडीचा आवाज

त्याचं खरं नाव गाडीच्या कागदपत्रांवर होतं आणि तिथेच राहिलं. माल भरायच्या अड्ड्यावर सगळे त्याला कानसेन म्हणत. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे ट्रक चालवले होते, आणि गाडीचं दुखणं तो हात लावायच्या आधी नुसतं ऐकून सांगायचा. कुणाची गाडी कुरकुरायला लागली की तो ड्रायव्हर चहाचा ग्लास याच्या हातात देई आणि म्हणे, "जरा ऐकता का?" हा डोळे मिटून, मान किंचित कलती करून उभा राही. मग सांगे, "उजव्या मागच्या चाकाचं बेअरिंग. आठवडा काढेल." बेअरिंग बरोब्बर आठवडा काढायचं. बायको म्हणायची, "गाडीचा नट सैल झालेला ऐकू येतो, मी दोनदा मारलेली हाक तेवढी ऐकू येत नाही." त्यावर तो खूश होऊन हसायचा. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच, याला कानांचा होता.

पंचावन्नाव्या वर्षी त्याने स्वतःचा ट्रक घेतला, नवा कोरा. बायकोने केबिनला पडदे शिवले. तिसऱ्या महिन्यात शोरूममधून फोन आला, की या गाड्यांची क्लच प्लेट कच्ची निघाली आहे, कंपनी फुकट बदलून देते आहे. ते काम मिस्त्रीच्या वाट्याला आलं. मिस्त्री म्हणजे त्या वर्कशॉपमधला सगळ्यांत जुना हात. दोघांची वीस वर्षांची दोस्ती. कानसेन पाय मोडून दवाखान्यात पडला होता तेव्हा रोज संध्याकाळी येऊन उशाशी बसणारा माणूस हाच. त्याने अर्ध्या दिवसात प्लेट बदलली, गाडी हातात दिली आणि पाठीवर थाप मारली.

आवाज सुरू झाला त्याच आठवड्यात. गाडी रिकामी असली की काही नाही. पण फरशा भरून गावाबाहेरचा चढ लागला आणि चौथा गिअर पडला, की पायाखालून घरघर यायची, जात्यात खडा आल्यासारखी. थांबायची, परत यायची. बायको एकदा सोबत होती. तिच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण त्या घरघरीबरोबर थरथरत होतं. "काय हो हे?" तिने विचारलं. त्याला सांगता येईना. तीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं.

तो शोरूमला गेला. काउंटरवरचा साहेब वयाने याच्या मुलासारखा, शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं साखरेत घोळवलेलं. "काका, काळजीच करू नका. गाडी रिकामी करून आणा."

"अहो, रिकाम्या गाडीला आवाजच येत नाही."

"भरलेली गाडी आत घेत नाही, काका. नियम आहे."

झालं. गाडी रिकामी करून आत न्यायची, साहेबाचा माणूस ती समोरच्या सपाट रस्त्यावर दोन चकरा फिरवून आणायचा आणि कार्डावर लिहायचा, 'आवाज आढळला नाही.' आता झोपलेल्या माणसाला उठवून विचारलं, घोरतोस का, तर तो काय सांगणार? पण नियम तो नियम. वर गाडी सोडवायची तर कार्डावर सही लागायची, आणि सहीच्या वर आधीच छापलेलं असायचं, 'ग्राहक समाधानी.' सही नाही तर फाटकाचा पास नाही. माल अड्ड्यावर खोळंबलेला असायचा, म्हणून तो सही करायचा. अशा सात सह्या झाल्या. सात वेळा त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की आपलं काही म्हणणं नाही.

दरम्यान त्यांनी गिअरबॉक्सचं तेल बदललं, इंजिनाचे रबर बदलले, टायर सुद्धा अदलाबदल केले. एकदा साहेबाने विचारलं, "गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंतचा शाफ्ट उघडून बघायचा का?" त्यावर कानसेनच म्हणाला, "तो कशाला? क्लचच्या वेळी मिस्त्रीने स्वतः उतरवून बसवलाय. त्याच्या हातचं काम आहे ते." साहेबाने खांदे उडवले आणि तो विषय तिथेच मिटला.

अड्ड्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. जगाच्या गाड्यांची नाडी बघणारा हा वैद्य, याच्याच घरात दुखणं, आणि शोरूमवाले म्हणतात दुखणंच नाही! "काय कानसेन, आज ऐकू येतंय का काही?" असं विचारून लोक गालात हसायला लागले. चहाचा ग्लास पुढे येईनासा झाला. सातव्या खेपेला साहेब तर काळजीने म्हणाला, "काका, रागावू नका, एकदा कान तपासून घ्या." आणि या वेड्याने ते खरंच तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डावा कान वयाच्या मानाने जरा कमी आहे. तो कागद त्याने गादीखाली सरकवला. बायकोने गादी झटकताना तो पाहिलाच.

"मला पण ऐकू येतो तो आवाज," ती म्हणाली. "माझे पण कान गेले म्हणायचे का?"

"तुझं कोण विचारतंय?" तो खेकसला, आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटत राहिली.

शेवटी त्याने मिस्त्रीला गळ घातली. भरलेला ट्रक फाटकाबाहेर उभा केला, जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री डबा घेऊन शेजारी चढून बसला, आणि दोघं चढावर गेले. चौथा गिअर पडला, घरघर आली. मिस्त्रीचा घास तोंडातच थांबला. त्याने एक हात खाली फळीवर टेकवला आणि कितीतरी वेळ तो तसाच बसला.

"ऐकलंस?"

"हं," मिस्त्री म्हणाला. डबा त्याने तसाच बंद केला.

कानसेन त्याला जवळजवळ ओढतच काउंटरवर घेऊन गेला. साहेबाने विचारलं, "काय मिस्त्री, आहे का आवाज?"

मिस्त्री नखांतलं ग्रीस काढत होता. "मला काही ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

त्या दिवशी कानसेन घरी येऊन बायकोला म्हणाला, "साहेबाला घाबरला बिचारा. रिटायर व्हायला चार महिने राहिलेत त्याचे. खरं बोलला असता तर पोटावर पाय आला असता." दोस्ताचा बचाव दोस्तानेच केला. बायकोचं समाधान मात्र झालं नाही.

मग त्याने थेट कंपनीला पत्र लिहिलं. एक नाही, पाच. पाचव्या पत्राला उत्तर आलं, की इंजिनिअर येत आहेत, आवाज मोजायचं यंत्र घेऊन, आणि ते भरलेल्या गाडीत बसतील. कानसेनने ते पत्र अड्ड्यावर दहा जणांना दाखवलं. एकच अट होती. गाडी आदल्या दिवशी वर्कशॉपला जमा करायची, सकाळी बाहेर काढून माल भरायचा. तो आनंदाने जमा करून आला. त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी फरशा भरल्या. केबिनमध्ये इंजिनिअर, त्याचं यंत्र आणि साहेब. अड्ड्यावरचे दोघे मुद्दाम मागून मोटरसायकलवर आले. चढ लागला, तिसरा गिअर गेला. "आता बघा," कानसेन म्हणाला आणि त्याने चौथा टाकला.

गाडी लोण्यासारखी वर चढली.

त्याने परत खाली नेऊन आणली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो घामाने भिजला होता आणि पाय उगाच दाबत होता. इंजिनिअर सज्जन होता, हसला नाही. त्याने सात कार्डं उलटली, सात सह्या बघितल्या आणि लिहिलं, 'दोष नाही. ग्राहकाचा समज.' साहेबाने कानसेनच्या खांद्यावर हात ठेवला. मोटरसायकलवाले त्याच्या आधीच अड्ड्यावर पोचले होते.

सगळे गेल्यावर तो पोतं अंथरून गाडीखाली आडवा झाला. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. दोन्ही तुकड्यांवर एक एक बाण कोरलेला असतो आणि जोडताना बाणासमोर बाण यावा लागतो. नाहीतर वजन पडलं की दांडा घुमतो. शिकाऊ सुद्धा हे विसरत नाही. आता बाणासमोर बाण होता. पण सांध्यावरची चिखलाची जुनी खपली मधोमध तुटून तिचा अर्धा भाग दुसऱ्या बाजूला गेला होता, आणि बोल्टांची डोकी पान्याच्या ताज्या ओरखड्यांनी लखलखत होती. कुणीतरी आदल्या दिवशी दांडा सोडून, फिरवून, नीट बसवला होता. कुणीतरी कशाला, तो हात कानसेन वीस वर्षं ओळखत होता.

मिस्त्री नळावर हात धूत होता. कानसेनला बघून त्याने पाणी बंद केलं नाही.

"तूच चुकीचा बसवला होतास."

"गाडी नीट झाली ना आता? मग झालं तर."

"त्या दिवशी चढावर तुला कळलं होतं. मला एकट्याला सांगितलं असतंस, मी कुणाला बोललो असतो का रे?"

"शेवटी शेवटी नोकरीवर डाग नको होता मला." मिस्त्रीने साबण पुन्हा हाताला चोळला. "आणि तुझं काय गेलं? पैसा गेला नाही, गाडी गेली नाही. सांग ना, काय गेलं?"

काय गेलं ते कानसेनला नीट माहीत होतं. पण ते मोठ्याने सांगावं तर हसू होईल, असं त्याला वाटलं. साहेबाकडे जावं तर खपलीचा पुरावा कोण मानणार? सातदा समाधानी असलेल्या माणसाचा, डावा कान कमी असलेल्या माणसाचा? नळ तसाच वाहत होता. तो पाठ फिरवून निघून आला.

महिनाभराने अड्ड्यावर एक परका ड्रायव्हर आला. कुठल्या तरी रस्त्यावर त्याने जुनी कीर्ती ऐकली होती. हातात चहाचा ग्लास घेऊन तो समोर उभा राहिला. "कानसेन तुम्हीच ना? गाडी भरलीय, निघायचंय, पण मागून काहीतरी बारीक येतंय. जरा ऐकता का?"

आजूबाजूचे कोपरांनी एकमेकांना ढोसायला लागले. कानसेनने ग्लास घेतला, डोळे मिटले, मान कलती केली. ड्रायव्हरने गाडी सुरू करून चार हात पुढे घेतली. स्वच्छ ऐकू येत होतं. डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग. दोन दिवस, फार तर तीन.

त्याने डोळे उघडले तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, हसायला तयार. त्याने चहा न पिता ग्लास परत केला.

"मला काही ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

"मग काही नसेलच," ड्रायव्हर सुटकेने म्हणाला, त्याचे आभार मानून गाडीत चढला आणि चढाच्या दिशेने निघाला. वळण येईपर्यंत कानसेनला ते बेअरिंग ऐकू येत होतं.