उत्पलाच्या बाबांना विचारून सांगते

दुपारचं जेवण झालं आहे आणि मी पुढच्या खोलीत चटईवर आडवी होते. रविवार आहे. मघाशीच उत्पलाच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घालून दिली, आणि ती माझ्या उशाशी भिंतीला टेकून बसली आहे. पंखा कुरकुरतो आहे. "आई, श्वासावर लक्ष ठेव, झोप लागेल," ती म्हणते. मी ठेवते. श्वास आत येतो, बाहेर जातो. आत येतो, आणि विरजण लावायचं राहिलं हे आठवतं. बाहेर जातो, आणि थोड्या वेळाने आर्याजी येणार आहेत हे आठवतं. ध्यानात मन एका जागी बसतं म्हणतात. माझं मन बाजारहाट करून येतं.

आर्याजी म्हणजे आमच्या विहारात वर्षावासाला, पावसाळ्याच्या मुक्कामाला, आलेल्या भिक्खुणी. उत्पलाला त्यांच्याकडून प्रव्रज्या घ्यायची आहे, केस उतरवून, घर सोडून भिक्खुणी व्हायचं आहे; शिबिरापुरतं नव्हे, कायमचं. एकोणतीस वर्षांची आहे, दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी आहे. कुणी फूस लावावी असं वय नाही. पण नियम असा की आईवडिलांची संमती असल्याशिवाय चीवर, म्हणजे भिक्खुणीचं वस्त्र, देत नाहीत. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. उरले मी. गेल्या रविवारी आर्याजींनी विचारलं तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून बोलून गेले, "उत्पलाच्या बाबांना विचारून सांगते." वाटलं, हसतील आणि विषय निघून जाईल. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "विचारा. पुढच्या रविवारी येते."

आणि मी कोण, तर महिला मंडळाची अध्यक्ष. कुणी गेलं आणि त्यांच्या घरी पुण्यानुमोदन असलं की माइक हातात घेऊन 'सगळं अनित्य आहे' सांगणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान अशी म्हण आहे. त्यातलं ब्रह्मज्ञान आमच्या वाडवडिलांनी सोडलं, कोरडा पाषाण मात्र माझ्या वाट्याला राहिला.

पंख्याची कुरकुर जाड होते. खिडकीच्या काचा थरथरतात. माझ्या अंगाखाली चटई नाही, रेग्झिनची सीट आहे. एसटी उभी आहे, इंजिन चालू आहे. खिडकीतून आमचंच स्वयंपाकघर दिसतं, ओट्यावर दुधाचं पातेलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पातेल्यावर झाकण नाही, एवढंच खटकतं.

"झाकन ठेवत जा नं," मागून आवाज येतो.

हे आहेत. दौलत, माझा नवरा. अंगात खाकी ड्रेस, खांद्याला चामड्याची बॅग. सारी नोकरी भंडारा-पवनी रूटवर कंडक्टर म्हणून काढली. गेले तेव्हा वाळून अर्धे झाले होते. आता पोट पुन्हा पट्ट्याबाहेर आलं आहे. ते पाहून मला फार बरं वाटतं.

"जेवले काय?" मी विचारते. गेलेल्या माणसाला पहिलं काय विचारावं, याची कुणाची तयारी असते?

"जेवलो. तू काहून आली इकडं?"

"विचाराले आली. उप्पी चीवर घेतो म्हन्ते."

"मंग?"

"मंग काय! तुमी नाई म्हना. तुमी नाई म्हटलं का झालं."

हे बोट ओलं करून तिकिटं चाळतात. "मेलेल्या मानसाची परवानगी नाई लागत. अध्यक्ष कोन आहे, तू का मी?"

मरूनसुद्धा टोमणा सुटत नाही माणसाचा. मी रागाने तोंड फिरवते, तर गाडीत पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया बसल्या आहेत, हात जोडून. पुढे ड्रायव्हरच्या काचेपाशी मेणबत्त्या लागल्या आहेत. म्हणजे हे विहार आहे. डिझेलचा वासही येतो आहे.

पहिल्या सीटवर कुणीतरी पाठमोरं बसलं आहे. डोक्याचं मुंडण केलेलं, मानेवर डाव्या बाजूला तीळ. तो तीळ मी ओळखते. सहा वर्षांची असताना उत्पलाला टायफॉईड झाला, मूठमूठ केस गळले. शेवटी सगळे काढून टाकले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. ह्यांनी आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि तिला गाडीत बसवून पवनीला नेऊन आणलं. येताना पोरगी हसत आली. मी मात्र त्या वर्षापासून दर रविवारी तेल लावत राहिले, केस कमरेपर्यंत येईस्तोवर, आणि त्यानंतरही. ते केस मी परत आणले असं मला आजही वाटतं.

"मले तिचं डोकं पाहवत नाई," मी म्हणते.

"आजारी नाई ते आता."

"ठाऊक आहे मले."

"मंग रडून कोनासाठी रायली? तिच्यासाठी का सोतासाठी?"

"दोघीसाठी," मी खेकसते.

हे वाट बघतात. सुटे पैसे काढायला वेळ लावणाऱ्या म्हाताऱ्या बायांसमोर असेच उभे राहायचे म्हणे, न कुरकुरता. मधल्या वाटेत आता ह्यांची दवाखान्यातली लोखंडी खाट आहे, चादर नीट घातलेली, रिकामी. तिच्याकडे बघत मी एकदाची बोलते.

"मले एकटीले राहाचा भेव वाटते. तुमी गेले. आता ते जाईन. सांजच्याले चहा ठेवला तं कोनाले हाक मारू मी?"

हे माझ्या शेजारी बसतात. "हे खरं बोलली. पोरीले सांगतलं हे?"

"नाई. तिले म्हटलं, बाबाले वाईट वाटंन."

"माह्या नावावर?" ते पोट हलवत हसतात. मलाही हसू येतं, रडता रडता.

"गाडी काहून उभी आहे?" मी विचारते.

"घंटी नाई झाली."

मी वर बघते. टपाखालून घंटीची दोरी गेली आहे. तिचं टोक माझ्याच मुठीत आहे, कधीपासून कोण जाणे. कंडक्टरच्या बायकोला कुणी शिकवावं लागत नाही: एक घंटी म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. ड्रायव्हर आरशात माझ्याकडे बघतो आहे. बाया गुपचूप बसल्या आहेत. कुणालाच घाई नाही, फक्त मलाच घाम फुटला आहे.

"तुमी मारा नं."

"माही ड्युटी संपली."

"लोकांचं बरं आहे, मरून मोकळे होतात."

"पाह्य," हे म्हणतात, "उतरनाऱ्या हरेकासंगं मी उतरलो असतो, तं गाडी पवनीले पोचली असती काय?"

"ते पॅसेंजर नाई. पोरगी आहे माही."

"म्हनूनच तं तिचं तिकीट मी माह्या खिशातून काढो."

समोरचं डोकं जरासं वळतं. चेहरा दिसत नाही, कान दिसतो. लहानपणी टोपीबाहेर यायचा तोच.

"सोडलं का भेव जाते काय?" मी विचारते.

"नाई जात," हे अगदी सहज सांगतात. "भेव बसते शेजारच्या सीटवर. पन गाडी चालते."

मी दोरी ओढते. घंटी एकदा वाजते, स्वच्छ. दुसऱ्यांदा ओढायला हात सरसावते, तर कुणीतरी म्हणतं, "आई."

"आई, सोड ना आता. आर्याजी आल्यात."

पंखा कुरकुरतो आहे. उत्पला माझ्या उशाशी वाकडी होऊन बसली आहे, मान एका बाजूला ओढलेली. तिची वेणी माझ्या मुठीत आहे.

"कधीची धरली मी?"

"झाला बराच वेळ. झोपेत रडत होतीस, म्हणून उठवलं नाही."

मला मूठ उघडता येत नाही, बोटं आखडली आहेत. दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवते. तळहातावर वेणीचे पेड उमटले आहेत, तांबडे, एकावर एक, तेलाने चकाकणारे. ती मान चोळत उठते आणि पाणी आणायला आत जाते.

आर्याजी चपला काढून आत येतात, चटईवर बसतात. "विचारलं का बाबांना?" चेष्टेचा मागमूस नाही.

"विचारलं."

"काय म्हणाले?"

उत्पला पाण्याचा पेला घेऊन दारात उभी आहे. मी आर्याजींशी नाही, तिच्याशी बोलते.

"मले एकटीले राहाचा भेव वाटते, उप्पी. हे माहं आहे. बाबाचं काई नाई त्यात. वाईट वाटंन म्हटलं ते मीच म्हटलं."

ती पेला दोन्ही हातांनी धरते.

"आन् बाबानं डबल माराले सांगतली. एक तिकडं मारली मी, दुसरी हे आता मारली."

आर्याजींना कळत नाही, त्या आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघतात. कंडक्टरच्या पोरीला कळतं. ती पेल्यासकट तिथेच उंबऱ्यावर बसते आणि रडू लागते. पाणी तिच्या ओच्यात सांडतं.

मी उठते. आता कुणीतरी चहा ठेवायला हवा. दुधावर झाकण नाही, ते मी आधी ठेवते. चहा गाळताना बघते, तर वेणीचे पेड तळहातावर अजून आहेत.