ओठ हलव, आवाज काढू नकोस

"चढ."

ताईंनी वजनाचा काटा सतरंजीच्या कडेला ठेवला होता. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या डब्याला अगदी चिकटून. बाथरूममधला काटा, गुलाबी रंगाचा. मी गाण्याच्या क्लासला आले होते. मला वाटलं, त्या दुसऱ्या कोणाला तरी सांगताहेत.

"तुलाच सांगतेय. चढ त्याच्यावर."

मी चढले. क्लासच्या सगळ्या मुली मांडी घालून बघत होत्या. ताईंनी वाकून आकडा पाहिला आणि मोठ्याने वाचला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तो ऐकायचा हक्क त्या खोलीत कोणालाच नव्हता, तुम्हालाही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "बाप रे, मोटी!" आणि खुसखुस सुरू झाली.

"आता तूच सांग," ताई म्हणाल्या, "आवाज लागणार कुठून? गळ्याभोवती एवढं चढवून ठेवलंयस."

मी चौदा वर्षांची होते. काट्यावरून उतरायचं कसं तेच मला सुचेना. कोणी उतर म्हणेपर्यंत मी तशीच उभी राहिले. त्यानंतर दर शनिवारी आधी काटा, मग सा. फक्त माझ्यासाठी.

ताई म्हणजे आमच्या गाण्याच्या बाई. गिरगावातून मिरा रोडच्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेल्या. हॉलमध्ये क्लास, भिंतीवर पदव्या. माझी आई त्यांच्याकडे पोळ्या करायला जायची. आम्ही राहतो गोडदेवला, चाळीत. वडील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करतात. गाव रत्नागिरीकडचं. मी लहान असताना आईबरोबर जायचे आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून, हॉलमधून जे ऐकू येईल ते गुणगुणायचे. ताईंनी एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "हिला पाठवत जा. फी नको." आई त्या दिवशी घरी येताना पेढे घेऊन आली होती.

फी नको. हे दोन शब्द नंतर मला किती वेळा ऐकवले गेले ते मोजायला बसत नाही.

तेव्हा माझा आवाज कुठेही जायचा. क्लासची पट्टी काळी पाच. म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सगळ्यांचा सा. ती उंच आहे, पण मला कधी उंच वाटलीच नाही. वरचा सा लावला की ताई डोळे मिटायच्या. स्पर्धेत मी कप आणायचे, तो ताईंच्या शोकेसमध्ये जायचा. बाहेर गेटवर क्लासचा बोर्ड होता, त्यावर माझाच फोटो होता. दोन वेण्या, हाडकुळी, तोंड उघडं.

मग पाळी आली. वर्षभरात अंग भरलं. माझ्या घरात सगळ्याच बायकांचं भरतं. शाळेचा ड्रेस दोनदा उसवून झाला. आणि गळ्यात काहीतरी बिघडलं. सा लावला की सुरुवातीला नुसती हवा यायची, आवाज मागून. वर गेलं की फाटायचा. परवापर्यंत जी जागा डोळे मिटून सापडायची, ती सापडेचना. आपल्याच घरात अंधारात चाचपडल्यासारखं वाटायचं. मी घाबरले होते. खूप घाबरले होते.

मी ताईंना विचारलं, "ताई, माझा आवाज फुटतोय का?"

त्या हसल्या. "अगं, फुटतो तो मुलांचा. मुलींचा नाही फुटत. तुझा चरबीने बसलाय. तुमच्यात काय, भाताचा डोंगर आणि रोज मासे-मटण. आवाज जाड होणारच."

ताई स्वतः काही सडपातळ नव्हत्या. पण त्यांच्या वजनाला सगळे बैठक म्हणायचे. त्या बसल्या की बैठक भारदस्त. मी बसले की सतरंजी पुरत नव्हती.

त्यांनी आईला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. माझ्यासमोरच. "हिचा भात बंद करा. मासे बंद. रात्रीचं जेवण तर पूर्ण बंद. मुलीचा गळा वाचवायचा असेल तर आईनेच कठोर व्हायला हवं." आई हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरली होती. ती म्हणाली, "होय मॅडम."

घरी येताना मी आईशी भांडले. ती म्हणाली, "मॅडम शिकलेल्या हायत, बाय. त्या काय उगाच सांगतील?"

मग सुरू झाली उपासमार. आई ताईंकडे तूप लावलेल्या मऊ पोळ्या करून यायची आणि घरी माझ्यापुढे काकडी ठेवायची. तिला माझ्यासमोर जेवणं जमायचं नाही, म्हणून तीही नीट जेवायची नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसायचो. चाळीत भिंती कुठल्या जाड? शेजारी बांगडा तळला की मी चादर तोंडावर घ्यायचे. पोटाला ओढणी आवळून झोपायचे. वाटायचं, हे अंगच नको. गळा तेवढा काढून कोणीतरी वेगळा ठेवावा, बाकीचं टाकून द्यावं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन पडले. बाईंना सांगितलं, उपवास आहे.

काट्यावरचा आकडा उतरला. ताई खूश झाल्या. आणि आवाज? आवाज पार गेला. आधी फाटत तरी होता, आता निघेचना. दम पुरायचा नाही. अर्ध्या ओळीत श्वास संपायचा आणि डोळ्यांपुढे काजवे. वजनाने आवाजाला नेमकं काय होतं, मला आजही पक्कं माहीत नाही. भुकेने काय होतं, ते मला माहीत आहे.

गणपतीच्या आधी ताईंनी दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाची तालीम सुरू केली. कॉम्प्लेक्सच्या बागेत दर वर्षी होतो. दर वर्षी पहिलं गाणं माझं असायचं. या वर्षी ते दुसऱ्या मुलीला दिलं. माझी मैत्रीण, बारीक, गोरी. ठीक आहे. मला मागच्या रांगेत, खांबाच्या बाजूला बसवलं. तेही ठीक. कोरस सुरू झाला, मी दोन ओळी गायले आणि ताईंनी हात वर केला. सगळं थांबलं.

"तू फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"एवढं करता येईल ना? आता काढून टाकलं तर तुझ्या आईला वाईट वाटेल."

मी ओठ हलवले. संपूर्ण तालीम. गाणारीने मुकं बसून तोंड उघडायचं, मिटायचं. घरी आल्यावर मोरीत बसून नळ सोडला आणि रडले. रडायलाही आवाज काढला नाही, इतकी सवय एका तासात लागली होती.

त्यानंतर गौरी आल्या. आमच्या चाळीत समोरच्या काकींकडे गौर बसते. दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचा नैवेद्य लागतो. मटण, वडे. गणपतीला ते दिसू नये म्हणून त्याच्यापुढे पडदा धरतात, आणि पडद्याअलीकडे गौर जेवते. लहानपणापासून बघतेय. त्या दुपारी मात्र मी तो नैवेद्य बघत बसले आणि डोक्यात काहीतरी सटकन हललं. देवी आहे. भरजरी साडी नेसलीय, गळाभर दागिने आहेत. आणि मटण खातेय. तिला कोणी विचारत नाही, तुमच्यात काय खातात म्हणून.

पानं वाढली. आईने माझ्या पानात अर्धा वडा ठेवला आणि पुढे सरकली. काकींनी बघितलं.

"पोरीला नीट वाढ गो. गौर जेवतेय नि पोर उपाशी?"

आई पळी हातात धरून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी नीट पाहिलं कोण जाणे. तिचे डोळे भरले आणि तिने वाढलं. मग अजून वाढलं. मी जेवले. कोणाकडे न बघता, बोटं चाटून जेवले.

जेवणं झाल्यावर बायकांनी झिम्मा धरला. काकींनी गाणं उचललं. तानपुरा नाही, पेटी नाही, पट्टी कोणाला विचारायची नाही. खालच्या, रुंद आवाजात सुरू केलं आणि सगळ्या मागोमाग. जाड बायका, सुकलेल्या बायका, पोटुशी एक. मीही धरलं. आणि आवाज आला. माझाच. हवा नाही, फट नाही. पूर्वीचा बारीक नव्हता तो, दाट होता, आणि छातीत वाजत होता. मी इतकी दचकले की गप्प झाले.

"थांबलीस का गो? म्हण की," काकी म्हणाल्या.

मी म्हटलं. घाम निघेपर्यंत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि पट्टी खाली खाली आणत गेले. काळी पाच, काळी चार, अजून खाली. पांढरी चारवर गळा विसावला. आईच्या कुशीत बसावं तसा. त्याच मोबाइलवर शोधून वाचलं. वयात येताना मुलींचाही आवाज बदलतो. मुलांइतका नाही, पण बदलतो. थोडा खाली जातो, काही काळ हवा सुटते, फाटतो, मग स्थिरावतो. बस, एवढंच. एवढ्यासाठी मला उपाशी ठेवलं होतं. मला राग आला.

शनिवारी ताईंनी काटा काढला. मी चढले नाही. सरळ तानपुऱ्याजवळ गेले.

"ताई, माझी पट्टी उतरलीय. पांढरी चारवर माझा आवाज लागतो. एकदा ऐका."

"पांढरी चार?" त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. मुली हसल्या. "आणि तुझ्या एकटीसाठी सगळ्यांनी खाली यायचं का?"

"नाही. फक्त ऐका."

"आधी काट्यावर उभी राहा. आणि आईला विचार, तुला या घरात कोणी घेतलं."

तानपुऱ्याला ताईंशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा क्लासचा नियम. मी बसले आणि त्याची कळ फिरवली. पट्टी खाली आणली. आणि दिवाळी पहाटेचं ते पहिलं गाणं सुरू केलं. मुखडा लागला. अंतऱ्यात वरच्या सावर आवाज फाटला. मी ती ओळ परत घेतली. मुली हसायच्या थांबल्या होत्या. ताईंनी उठून भिंतीतला प्लग खेचला. तानपुरा बंद. मी गात राहिले. अंतरा संपेपर्यंत गायले, मगच थांबले.

ताईंचा चेहरा लाल झाला होता. "उपकार विसरणारी माणसं. तुमची जातच तशी."

हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा उघड आला. इतकी वर्षं तो भाताच्या आणि मासे-मटणाच्या आडून येत होता. मी चपला घातल्या आणि निघाले. लिफ्टसाठीही थांबले नाही.

संध्याकाळी आईला फोन आला, उद्यापासून येऊ नका. आईने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "काम दुसरं मिळंल. पण तुझं गाणं? दुसरे मॅडम आपल्याला कोण घेणार? जा बाय, पाया पड त्यांच्या."

दोन दिवसांनी ती मैत्रीण निरोप घेऊन आली. "ताई बोलल्या, सॉरी बोललीस तर घेतील परत. आईला पण. पण दिवाळी पहाटला मागेच बसायचं. तसंच, ओठ हलवून."

आई दारात उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. तिला माझा होकार हवा होता, हे मला दिसत होतं, आणि तो तिने माझ्याच भल्यासाठी मागितला असता, हेही कळत होतं. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

आता मला शिकवणारं कोणी नाही. आवाज अजून नीट स्थिरावलेला नाही. काही सकाळी लागतो, काही सकाळी नुसता घोगरा. कधी वाटतं, ताईंना सोडून चूक केली, आता हे सगळं असंच फाटत फाटत संपून जाईल. पुढे माझं गाणं होईल की नाही, मला खरंच माहीत नाही. खोटा दिलासा कोणी देऊ नये.

पण त्या दिवशी मैत्रिणीसमोर मी आईला जे सांगितलं, त्यातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही. म्हटलं, "मी पोटभर जेवणार. माझ्या पट्टीत गाणार. उद्या ती अजून खाली गेली तर तिथून गाणार. आणि गाणं सुटलं, तर सुटलं, आई. पण गातेय असं नाटक मी कोणाच्याही घरात करणार नाही."