लोमेला कोण बाळंत झालंय?

नायजेरियातल्या एनुगूच्या निवृत्त परिचारिकांची जानेवारीतली बैठक मेट्रन फिलोमिनाच्या अंगणात भरते, आणि तिचा विषय वर्षानुवर्षं एकच असतो: यंदा कोण कुठे जाणार. सरकारी दवाखान्यात पायांचे तुकडे पडेपर्यंत राबलेल्या या अठरा बायका. हरमॅटनच्या वाऱ्यानं आणलेली धूळ खुर्च्यांवरून पुसतात, मॉल्टच्या बाटल्या उघडतात, आणि मग एकेकीनं उभं राहून आपला वर्षाचा प्रवास सांगायचा. नवख्या माणसाला वाटावं, काय जग पालथं घालतात या! ह्यूस्टन, टोरोंटो, अबर्डीन, डब्लिन. एकेकीचा पासपोर्ट बघून मंत्र्यानं लाजावं.

"मार्च ते जून, ह्यूस्टन," युकॅरिया म्हणाली. ती मंडळाची सेक्रेटरी, म्हणून पहिला मान तिचा. "मधलीला जुळं आहे."

टाळ्या पडल्या.

"ऑगस्टात डब्लिन," दुसरी म्हणाली. "मुलगाच आहे म्हणतो डॉक्टर."

पुन्हा टाळ्या, वर गाण्याची एक ओळ.

यांच्या तोंडून शहराचं नाव एकटं कधी येतच नाही, मागोमाग कुणाच्या तरी पोटातलं बाळ येतं. लेक बाळंत झाली की आईनं जाऊन तिचं न्हाऊमाखू, शेकशेगडी, खाणंपिणं बघायचं, हा इथला ओमुग्वो. पूर्वी त्यासाठी शेजारच्या गावी जावं लागायचं. आता लेकी समुद्रापार गेल्या, इतकाच फरक. तेव्हा या बायकांच्या सहली कधी आणि कुठे, हे देव आणि जावई आपसात ठरवतात.

मग अनुली एदेओगाची पाळी आली. वय पासष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि चौतीस वर्षं प्रसूतिकक्षात काढलेली. अर्ध्या एनुगूच्या नाळा तिनं कापल्यात असं लोक म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. ती उठली, कमरेचं कापड घट्ट केलं आणि म्हणाली, "मे महिना. लोमे."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच वर राहिले.

"लोमे? टोगोतलं?" मेट्रननं चष्मा सावरला. "तिथे कोण आहे तुझं?"

"कुणी नाही."

"मग बाळंत कोण झालंय?"

"कुणीच नाही. समुद्र आहे. आठ दिवस जाऊन बसणार आहे."

"बसून काय करणार?"

"बसणार, मेट्रन."

युकॅरियानं वहीत 'अनुली, मे, लोमे' एवढं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग तिनं घाईघाईनं मोइमोइ वाटायला घेतले, कारण अशा वेळी खायला घातलेलं बरं असतं.

अनुलीला हे काही बसल्या बसल्या सुचलेलं नव्हतं. तिचे पाच ओमुग्वो झाले होते. दोनदा थोरलीकडे कॅलगरीला, दोनदा धाकट्या सोमादिनाकडे लीड्सला, आणि सुनेला आई नाही म्हणून एकदा मुलाकडे अबुजाला. परत आली की चर्चमध्ये बायका विचारायच्या, "कॅनडा कसा आहे गं?" ती म्हणायची, "छान आहे, थंडी फार." खरं उत्तर तिनं कधी दिलं नाही. कॅनडा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी होती, तिच्यातून कचऱ्याचे डबे आणि डब्यांवरचं बर्फ दिसायचं. लीड्स म्हणजे स्वयंपाकघरातली दुसरी खिडकी, तीही रश्श्याच्या वाफेनं धुरकटलेली. चार महिन्यांत ती घराबाहेर दोनदा पडली होती, एकदा चर्चला आणि एकदा बाळाच्या लसीला. त्यात ती सुईणीचं काम शिकलेली, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या गरोदर पोरी पोट दाखवायला यायच्या. निवृत्त झाल्यावर तिची ड्यूटी फक्त दूर गेली, संपली नाही.

आणि मग ते लोमे. दोन वर्षांपूर्वी कॅलगरीहून परतताना तिचं विमान तिथे उतरलं. खाली येताना तिला वाळू दिसली, नारळाची झाडं दिसली, आणि झाडांखाली बसलेली माणसं दिसली. भर दुपार, कामाचा दिवस. आणि त्यांत बायकासुद्धा होत्या, म्हाताऱ्या बायका, कडेवर पोर नसलेल्या. पुढच्या विमानाला दोन तास होते. तिनं तिथल्या शिपायाला विचारलं, "जरा बाहेर जाऊन येऊ का?" तो म्हणाला, नाही जाता येणार. काचेच्या आत दोन तास बसून तिला असा संताप आला की इतक्या महिन्यांत कुणाचीही दुपटी धुताना तसा आला नव्हता. लोमेला जायला व्हिसा लागत नाही, जावयाचं बोलावणं लागत नाही, बस सरळ जाते, हे तिनं घरी पोचायच्या आधीच विचारून घेतलं.

बैठकीनंतर तीन दिवसांनी सोमादिनाचा फोन आला. तिला तिसरं बाळ होणार होतं, मेच्या मध्यावर.

"आई, तोबेनं तुझ्या व्हिसाचं पत्र तयार केलंय. तीन मेचं तिकीट बघतोय."

"नको म्हणावं. मेमध्ये मी लोमेला चाललेय."

"कुठे? कशाला?"

"बसायला."

"आई, थट्टा नको करूस, मला आधीच उलट्या होतायत."

"थट्टा नाही, सोमा. दोन्ही वेळा मी आले की नाही? आता तुझं तुला सगळं येतं. उरलंसुरलं तोबेला शिकवते मी फोनवर. माझ्या जावयाला दोन हात आहेत, मी बघितलेत. रिमोट छान धरतात."

"अगं, तो पुरुष आहे!"

"म्हणून काय गरम पाणी त्याच्या हातानं तापत नाही?"

मग सोमादिनानं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "इथे सगळ्यांच्या आया येतात, आई. माझी नाही आली तर लोक काय म्हणतील? आई मेलेल्या पोरीसारखी मी एकटी बाळंत होऊ?"

आई नसलेल्या बाळंतिणी अनुलीनं वॉर्डात पाहिल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी डबा घेऊन यायचं नाही, आणि त्या भिंतीकडे तोंड करून निजायच्या. त्यांतल्या कितीतरी जणींना तिनं स्वतः न्हाऊ घातलं होतं. पुढच्या दोन दिवसांत दोनदा तिनं 'येते गं बाई' म्हणायला फोन उचलला आणि दोनदा ठेवला. कारण तिला ठाऊक होतं, सोमाच्या मागे थोरलीचं तिसरं येईल, त्याच्या मागे आणखी कुणाचं तरी, आणि आज वाळूत चालणारे तिचे गुडघे सत्तरीत चालतीलच असं नाही. तिसऱ्या दिवशी ती बसस्टँडवर गेली आणि खिडकीजवळची जागा पक्की करून आली.

तिकडे युकॅरियाच्या वहीतलं प्रश्नचिन्ह गावभर फिरत होतं. बाई उठून समुद्राजवळ बसायला जाते, यावर एनुगूत एकाचाही विश्वास बसेना. ज्या अर्थी जाते त्या अर्थी बाळ असणारच. ज्या अर्थी सांगत नाही त्या अर्थी लपवण्यासारखं असणार. आणि अनुलीला मुलगा एकच, अबुजाचा जिदे. आठवड्याच्या आत जिदेला लोमेमध्ये बाई मिळाली, ती शिवणकाम करते हेही ठरलं.

जिदेचा फोन आला तेव्हा तो रडकुंडीला आला होता. "आई, लोमेत माझं कोण आहे?"

"मला काय माहीत? आहे का कुणी?"

"आई! बायको तीन दिवस बोलत नाहीये. तिच्या मावशीला चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं, मुलगा झालाय म्हणे. नाक माझ्यासारखं आहे म्हणे!"

"अरेरे, बिचारं पोर," अनुली म्हणाली, आणि हसता हसता तिला खाली बसावं लागलं.

पण रविवारी प्रार्थना आटोपल्यावर सगळं मंडळच गात गात तिच्या फाटकातून आत शिरलं, तेव्हा तिचं हसू गेलं. बाळ जन्मलं की बायका लावतात तशी पांढरी पावडर सगळ्यांनी गळ्याला फासली होती. पुढे मेट्रन फिलोमिना, डोक्यावर परात. परातीत उदाच्या शेंगा, उझिझाची मिरी, सुका मासा, वर यामचे दोन जाडजूड कंद. बाळंतिणीच्या तिखट रश्श्याला काही म्हणजे काही कमी पडू दिलं नव्हतं.

"अनुली, पुरे झालं लपवणं!" मेट्रननं परात उतरवली. "पोरानं केलं ते केलं. त्यात लेकराचा काय दोष? आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. वाजतगाजत पाठवू तुला लोमेला."

अनुली व्हरांड्यात उभी होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, हे तिच्या तिथल्या तिथे ध्यानात आलं. निरोपाचा समारंभ, गाणी, आशीर्वाद, सगळं मिळालं असतं. सोमालासुद्धा तोंड उघडायला जागा राहिली नसती, कारण एका बाळाला दुसऱ्या बाळानं उत्तर मिळालं असतं. नसलेल्या नातवासाठी हे गाव तिला आनंदानं जाऊ देणार होतं, आणि असलेल्या तिच्यासाठी नाही. ती एवढी चिडली की व्हरांड्याची पायरी चुकता चुकता राहिली.

"बाळ नाही," ती म्हणाली. "बाई नाही. माझ्या मुलानं काहीही केलेलं नाही, बिचाऱ्यात तेवढी धमकही नाही. मी जातेय. एकटी, माझी मी. चौतीस वर्षं लोकांच्या कळा मोजल्या, आठ दिवस मला काहीच मोजायचं नाहीये. कुणाच्या तरी पोटाचं कारण दाखवल्याशिवाय म्हातारीनं उंबरा ओलांडायचा नाही, असं कुठे लिहिलंय? दाखवा मला!"

गाणं केव्हाच थांबलं होतं. मेट्रनचा आवाज खाली आला, आणि वॉर्डात तो खाली आला की नवशिक्या पोरी थरथरायच्या. "म्हणजे लेक तिकडे बाळंत होणार आणि तू वाळूत बसणार? लाज नाही वाटत?"

"वाटते थोडी. तरी जाणार."

"मंडळाकडून निरोप मिळायचा नाही. ओमुग्वोलाच देतो आम्ही."

"नका देऊ. मासा तेवढा ठेवून जा, चांगला दिसतोय."

मेट्रननं परात उचलली, मासा-बिसा सगळं घेऊन, आणि फाटकाकडे वळली. बाकीच्या मागोमाग निघाल्या. युकॅरिया मात्र रेंगाळली. रुमालानं गळ्याची पावडर पुसत तिनं हळूच विचारलं, "अनुली, ह्यूस्टनला समुद्र आहे का गं?"

"जवळच आहे म्हणतात."

"तीनदा गेले मी," युकॅरिया म्हणाली. "नाही दिसला." फाटकातून मेट्रननं हाक मारली तशी ती निघून गेली.

पुढचे तीन महिने सोमादिना आईशी बोलली नाही. तोबे बोलला, काय करील बिचारा. दर शनिवारी फोनसमोर बसून तो शिकला: शेकाचा टॉवेल किती कढत, पोट कुठून कुठे दाबायचं, रश्श्यात उदा आधी की मिरी आधी. अनुलीनं त्याला विद्यार्थ्यासारखं झापलं, दोनदा परीक्षा घेतली, एकदा नापास केलं. एप्रिल संपता संपता तिनं एक पिशवी भरली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात बस पकडली. निरोप द्यायला कुणी नव्हतं.

लोमेतल्या पाचव्या दिवशी ती नारळाखाली बसून तळलेला मासा खात होती. सोमाला मुलगी झाल्याचं तोबेनं आदल्या दिवशीच कळवलं होतं. फोन वाजला, आणि पडद्यावर सोमादिनाच आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, कुशीत एक गाठोडं.

"तोबेनं रश्श्यात इतकी मिरी घातली की माझे कान गरम झाले," ती म्हणाली.

"खाल्लास?"

"खाल्ला."

"शेकतो का नीट?"

"शेकतो. टॉवेल पिळताना माझ्यापेक्षा जास्त तोच ओरडतो." तिला हसू येत होतं आणि ते तिला येऊ द्यायचं नव्हतं. "आई, माझा राग गेलेला नाहीये."

"असू दे."

"तू काय करतेयस आत्ता?"

"बसलेय."

"दाखव."

अनुलीनं फोन समुद्राकडे फिरवला आणि धरून ठेवला. लाटा येत होत्या, जात होत्या. तिकडे लीड्समध्ये बाळ कुरकुरलं, मधल्यानं कशासाठी तरी भोकाड पसरलं, थोरल्यानं दोनदा हाक मारली. सोमादिना उठली नाही.

"आई," शेवटी ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी लहान झाला होता, "मला हे असं कधी गं मिळेल?"

अनुलीनं फोन वळवून आपल्या तोंडासमोर धरला.

"मिळत नसतं, सोमा," ती म्हणाली. "मला तरी कुणी दिलं? मी बसचं तिकीट काढलं."