मिरजगावला पाहिलेला चौथा अंक

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यात पुण्याची एक नाटक मंडळी आमच्या काष्टीला आली. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. नाटक एका शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबरीवरून मराठीत केलेलं होतं. गावात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून खेळ दुपारी चारला, शाळेच्या पटांगणात.

माझी आत्या माझ्याबरोबर आली. ती वडिलांची मोठी बहीण. माझ्या जन्माच्या आधीच सासर सोडून आमच्याकडे राहायला आलेली. तिच्या सासरचं नाव घरात कुणी काढत नसे. तमाशे, जत्रा यांचा तिला कंटाळा होता. पण विलायतेतली माणसं मराठीत बोलणार म्हटल्यावर ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली.

पडदा वर गेला आणि तिचे प्रश्न सुरू झाले. स्टेजवर भिंतीतली शेकोटी होती, पुठ्ठ्याची, लाल कागद लावलेली.

"बसायच्या खोलीत चूल?" आत्या कुजबुजली. "आन् तिच्यावर काय शिजतच न्हाई."

"थंडीसाठी असते ती," मी म्हटलं.

चैत्राचं ऊन कनातीतून आत येत होतं. लोकरी कोट घातलेल्या म्हाताऱ्याच्या मिशा घामानं एका बाजूनं सुटत होत्या आणि खिडकीबाहेर कापसाचा बर्फ पडत होता. पात्रांची नावं इंग्रजीच होती, ती कुणाच्या ध्यानात राहिली नाहीत. आमच्यासाठी ती बाई, म्हातारा आणि नोकर अशीच होती.

बाई अनाथ. चुलत्यानं तिचं लग्न गिरणीवाल्या म्हाताऱ्याशी लावून दिलेलं. म्हातारा तिला मारत नव्हता, तिच्यावर ओरडतही नव्हता. फक्त तिला एकटीला कुठं जाऊ देत नव्हता, आणि ती काही बोलली की ऐकलंच नाही असं दाखवून जेवत राहायचा. तो असा जेवायला लागला की आत्या पुढं सरकून बसायची. तिच्या प्रश्नांचं कुजबुजणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी बाई हातात बॅग घेऊन दारापाशी उभी राहिली. म्हातारा पाठमोरा. पडदा पडला आणि तेवढ्यात माळावरून वावटळ आली. कनात फाटली, शेकोटी उडून पहिल्या रांगेतल्या लोकांवर पडली, धुळीत कुणाला काही दिसेना. मंडळींच्या प्रमुखांनी हात जोडून खेळ बंद झाल्याचं सांगितलं. उद्याचा खेळ मिरजगावला होता, त्यांना सामान आवरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या इरकल नेसून ओसरीवर उभी होती.

"मी मिरजगावला चालले. पोरीला संगं नेते."

वडील बैलांना वैरण टाकत होते. "कशाला?"

"ती बाई गेली का ऱ्हायली ते बघायला."

"आक्का, खोट्या बाईसाठी एवढ्या लांब यष्टीनं?"

"तुला काय करायचंय? आपले पावने हायेत तिथं. मुक्काम करून येऊ."

श्रीगोंद्याला गाडी बदलून आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मंडळी शाळेच्या वर्गात उतरली होती. बाईचं काम करणारी नटी व्हरांड्यात बसून फाटलेला झगा शिवत होती. साध्या पातळात ती माझ्याहून फार मोठी वाटत नव्हती. आत्या सरळ तिच्यासमोर जाऊन बसली.

"पोरी, आमी काष्टीच्या. काल अर्ध्यात ऱ्हायलं. गेली का ती?"

नटी हसली. "आज चारला या की, मावशी. मी आत्ताच सांगितलं तर मजा काय?"

"मजा नको मला. सांग."

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, नटीनं सुई बाजूला ठेवली. "जाते. पुस्तकात नाही जात. पुस्तकात म्हातारा मरतो आणि तिचं एका भल्या माणसाशी लग्न होतं. आमच्या लेखकानं ते बदललं. नाटकात ती दार उघडून निघून जाते."

"कुठं?"

"ते लिहिलेलं नाही."

"पर तुला तर ठाऊक असंल. तूच जातीस न्हवं?"

नटीला हसू आलं. "मी विंगेत जाते आणि पाणी पिते," ती म्हणाली, आणि मग हसायचं सोडून आत्याकडे बघत राहिली. "खरंच, मी कधी विचारच केला नाही."

चारला आम्ही सगळ्यात पुढं बसलो. चौथ्या अंकात म्हाताऱ्याचं ताटावरून लक्ष काही हललं नाही. बाईनं दार उघडलं. उंबऱ्यावर ती थांबली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि उजवीकडे वळून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या टाळ्या वाजवत नव्हती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

सकाळच्या परतीच्या गाडीत मी धीर करून विचारलं, "आत्या, तू कशी निघालीस गं?"

मला वाटलं, ती रागावेल. पण ती खिडकीबाहेर बघत बोलू लागली.

"मला मूल झालं न्हाई म्हून त्यानं बोलनं टाकलं. एकदम. वाढलेलं खायचा, पर बोलायचा न्हाई. लई वर्सं. मारलं असतं तर चार लोकांत सांगता आलं असतं. बोलत न्हाई म्हून कुनाला सांगायचं? एक दिवस भाकरी वाढली आन् तशीच निघाले. तिसगावच्या स्टँडवर आले तवा कळलं, हाताला पीठ तसंच हाय."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर भावाचं घर ठाऊक हुतं."

घरी पोचलो तर वडील ओसरीवरच होते. त्या वेळी ते एरवी रानात असत. आत्यानं चपला काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "काय झालं मग?"

"गेली."

"कुठं?"

"त्यांनी न्हाई सांगितलं."

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भाऊ न्हवता व्हय तिला?"

"न्हवता."

"मग अवघड हाय," ते म्हणाले. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तरी दोघांचं लक्ष नव्हतं. तिला शिवण येत असेल का, बाजाराच्या गावात खोली मिळेल का, याचा दोघं मिळून विचार करत बसली होती.