विहिणीच्या पुढे पळू नये

समस्त सोयरेधायरे, शेजारीपाजारी आणि आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणारी मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात सांगोल्याच्या पलीकडे एका टेकडीवर दोन विहिणींमध्ये जे काही घडले, त्यात कोणीही कोणाचा मान मोडलेला नाही, कोणीही कोणाला ढकललेले नाही, आणि शेरडांचा या प्रकरणाशी संबंध फक्त दीड मिनिटापुरता आहे. याउपर जो कोणी अफवा पसरवील, त्याला माझ्या हातची शेंगापोळी कायमची बंद.

आता खरं काय झालं ते सांगते.

मी बावन्नाव्या वर्षी पळायला लागले. डॉक्टरांनी ‘चालत जा’ एवढंच म्हटलं होतं, पण मला अर्धंच ऐकायची सवय. सोलापुरात पळणाऱ्याला एकच अडचण आहे. गाव भाकरीसारखं सपाट. चढ हवा असेल तर रेल्वेवरचा उड्डाणपूल. त्या पुलावर मी रोज संध्याकाळी इतक्या वेळा वरखाली करायची की एका रिक्षावाल्यानं शेवटी रिक्षा थांबवून काळजीनं विचारलं, “क्या खाला, कुछ गिर गया क्या?”

पुलावर तयार होऊन मी दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा सांगोल्याकडच्या टेकड्यांवरच्या ‘ट्रेल’ शर्यतीला गेले. संध्याकाळी पाचला सुटायचं, सहा किलोमीटर, तीन टेकड्या, आणि सातचा भोंगा वाजायच्या आत देवळापुढच्या मैदानात परत. भोंग्याआधी आलं तर मेडल. सगळ्यांच्या मागून एक जीप येते. वाट अरुंद असेल तिथं ती टेकडीला वळसा घालते आणि पायथ्याशी येऊन उभी राहते. जे दमले, बसले, रडले, त्यांना गोळा करते. आम्ही पळणारे तिला घंटागाडी म्हणतो.

त्या पहिल्या वर्षी मला घंटागाडीनं आणलं. पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मागे मी आणि केळ्यांच्या सालींचं पोतं. नवऱ्यानं माझा उतरतानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “सामान सुखरूप पोचले.”

पण देवाचा हिशेब निराळा. मी जीपमधून उतरले तेव्हा समोरच्या घरातून एक बाई तांब्या घेऊन आल्या. मला पाणी पाजलं, पाय चेपले, आणि माझा श्वास जागेवर यायच्या आत विचारलं, “पोरगी हाय का लग्नाची?” होती. मेडल मिळालं नाही, जावई मिळाला.

त्या बाई म्हणजे माझ्या विहीणबाई. घरची डाळिंबाची बाग, अंगानं काटकुळ्या, बोलणं सुरीसारखं. त्यांचे यजमान म्हणजे माझे व्याही हे उलट टोक. लग्नाच्या सगळ्या बोलण्यांत ते दोनच शब्द बोलले. ‘व्हय’ आणि ‘चालतंय’. या माणसाला लक्षात ठेवा.

लग्न उन्हाळ्यात झालं आणि त्यात आमच्याकडून एक महापाप घडलं. विहिणीच्या पंगतीत वरमाईचं पान आधी वाढायचं असतं. आमच्या वाढप्यानं पंगत उलट्या टोकानं धरली. माझ्या चुलत सासूबाईंपासून सुरुवात झाली आणि विहीणबाईंच्या पानात मीठ पडलं ते सगळ्यात शेवटी. त्या मुकाट्यानं जेवल्या, हात धुतले, आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, “आमचं पान मागनं वाढलं.”

तेव्हापासून हे वाक्य आमच्या घराण्यात मुक्कामाला आहे. दिवाळीचा फराळ एक दिवस उशिरा पोचला, तर फोन आला, “असू द्या, आमाला मागनंच वाढून घ्यायची सवय हाय.” मी फोन उचलायला उशीर केला तरी पलीकडून पानाचाच विषय.

आणि मग आली गेल्या वर्षीची शर्यत. मी घरात जाहीर केलं की यंदा मेडल घेऊनच येणार. नवरा हसला. नणंद हसली नाही, हे जास्त वाईट. तिनं सरळ करार केला. मी पुन्हा घंटागाडीतून आले तर माझे पळायचे बूट तिचे, आणि ‘ट्रेल’ हा शब्द मी घरात पुन्हा उच्चारायचा नाही. नणंदेच्या पावलाचं माप आणि माझं एकच आहे. तिनं तर आधीच विचारून ठेवलं होतं की या बुटांचा रंग धुतल्यावर जातो का.

शर्यतीच्या आदल्या दिवशी लेकीचा सासरहून फोन. “आई, आत्यांनी पण नाव दिलंय.” आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. “बायकांना टी-शर्ट फुकट आहे म्हणून अख्ख्या गल्लीनं नावं दिलीयत. एक सांगते, रागवू नको. तू आत्यांच्या पुढं जाऊ नको हं. आधीच ते पानाचं झालंय.”

वरमाईच्या मागे राहायचं आणि घंटागाडीच्या पुढे. मधे जी काही जागा उरेल, त्यात माझे बूट.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. लुगड्यावर नारिंगी टी-शर्ट, पायात रोजचीच चप्पल. मी विचारलं, “सवय आहे का हो चढायची?” त्या म्हणाल्या, “हितंच तर हाय की. रोज सांजच्याला वर जाते शेरडं आणायला.” मी मनात म्हटलं, बिचारी, शेरडामागं रमतगमत जाणं वेगळं आणि पळणं वेगळं. हे मूर्खपणाचं वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

शिट्टी झाली. “चला, तुमी व्हा पुढं,” त्या म्हणाल्या.

“छे छे! मान तुमचा.”

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि पुढे झाल्या.

पहिल्या टेकडीवरची वाट एका माणसापुरती. दोन्हीकडे बोरी-बाभळी, काटा तयारच. विहीणबाई निघाल्या ते नव्या नवरीच्या चालीनं. पळणं नाहीच. चार पावलं टाकायच्या आणि मागे वळून माझ्याकडे बघायच्या. मला वाटलं, मी पुढे घुसते की काय ते तपासतायत. म्हणून मी पाऊल आवरायची. मी आवरलं की त्या आणखी सावकाश व्हायच्या. त्या सावकाश झाल्या की मी जवळजवळ उभीच. अशा रीतीनं दोन निरोगी बायका एका टेकडीवर एकमेकींना थांबवत चढल्या.

सगळे आमच्या पुढे गेले. फोटो काढत चाललेलं एक जोडपं गेलं. मग शेरडांचा कळप आला, तोही गेला. त्यातल्या एका शेरडीनं जाता जाता माझ्या पाठीवरच्या पिशवीतलं केळं ओढलं आणि सालीसकट खाल्लं. हेच ते दीड मिनिट. विहीणबाई म्हणाल्या, “खाऊ द्या. तेवढाच तुमाला इसावा.”

मला हा टोमणाच वाटला.

दुसरी टेकडी उतरताना खालून घंटागाडीचा हॉर्न ऐकू आला. घड्याळात साडेसहाच्या वर वाजलेले, सूर्य बुडालेला, तिसरी टेकडी पूर्ण बाकी. मी खोकून पाहिलं. घसा खाकरला. “आज वारं चांगलं आहे, पळायला मजा येईल,” असं वाऱ्याला उद्देशून म्हटलं. त्या थांबल्या, वळल्या आणि मायेनं म्हणाल्या, “दम खावा जरा. घाई न्हाय.”

घाई न्हाय! माझ्या डोळ्यांपुढे नणंद आली. माझे बूट घालून भाजी आणायला निघालेली.

मी तिथंच दगडावर बसले आणि हात जोडले. “विहीणबाई, पानाच्या वेळी आमची चूक झाली. हवं तर इथं पाया पडते. उद्या सोलापूरला या, एकट्या तुमचीच पंगत मांडते, मीठसुद्धा दुसऱ्या कोणाला वाढणार नाही. पण आता एक तर पळा, नाही तर मला पुढं जाऊ द्या. माझे बूट जातायत हो!”

त्यांना बुटांचं काही कळलं नाही.

“म्हंजे… तुमी दमला न्हाय?”

“मी? मी तुमचा मान राखून मागं राहिलेय! तुमच्या सुनेनं बजावलंय, आत्यांच्या पुढं जाऊ नको म्हणून.”

“आन् मी कवाधरनं तुमच्यासाटी रांगतीया की! मला बी तिनंच सांगितलंय. म्हणली, आत्या, माझ्या आईला मागं टाकू नका, गेल्या बारीला बिचारी जीपमधनं आली.”

मग त्या हसायला लागल्या, मग मी. बाभळीखाली, घंटागाडीच्या हॉर्नच्या साक्षीनं, आम्ही आमच्या गुणी लेकीचा आणि सुनेचा एकत्र उद्धार केला. एकाच मुलीचा असल्यामुळे तो लवकर आटोपला.

“उठा,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, चपला काढून हातात घेतल्या, आणि ही बाई सुटली! चढावर सुटली. दगडावरून दगडावर पाय, काट्याला बगल, तोंडानं शेरडांना घालतात तसा ‘हुर्र’ असा आवाज, आणि तो मला उद्देशून. जिथं मी मागे पडले, तिथं मनगट धरून ओढलं. माझा उड्डाणपूल मला फार आठवला. तो किती गुळगुळीत होता!

माथ्यावरून मैदान दिसलं. दिवे लागलेले, देवळापुढे सगळं गाव जमलेलं, आणि स्टेजवर माईक धरून माझे व्याही. गावातले वडीलधारे म्हणून त्यांना माईक दिला होता. बोलत नव्हतेच, नुसते धरून उभे होते.

उतार कसा उतरले ते मला माहीत नाही, माझ्या गुडघ्यांना विचारा. घंटागाडी वळसा घालून बाजूच्या रस्त्यानं येतच होती, पण आम्ही तिच्या पुढे होतो. शेवटची शंभर पावलं आम्ही बरोबरीनं पळालो. भोंग्याला दोन मिनिटं बाकी. पुढे चुन्यानं ओढलेली पांढरी रेघ.

आणि त्या रेघेशी आम्ही दोघी गच्चकन थांबलो.

कारण एका बाजूला त्यांची सगळी भावकी उभी होती. या लोकांच्या देखत वरमाईच्या आधी पाऊल टाकायचं? पुन्हा पान मागनं? “तुम्ही आधी,” मी म्हटलं.

“न्हाय, तुमी पावण्या. गाव आमचं हाय. तुमी आदी.”

“अहो, मान तुमचा!”

“आन् पावण्याला मागं ठिवून म्या फुडं जाऊ? लोक काय म्हनतील?”

लोक जे म्हणायचं ते म्हणतच होते. “या की आत! या की!” म्हणून सगळं मैदान ओरडत होतं. माझी लेक कपाळाला हात लावून उभी होती. भोंगा वाजवणाऱ्याचा हात बटणावर होता. आणि आम्ही दोघी रेघेच्या अलीकडे वाकून, हात पुढे करून, एकमेकींना वाट देत होतो.

शेवटी आम्ही गेलो आत. हातात हात घालून, उडी मारून, भोंग्याच्या आधी. मेडल माझ्या घरी आहे, दारासमोरच्या भिंतीवर, नणंदेला आल्या आल्या दिसेल असं. बूट माझ्याच पायात आहेत. पण आम्हाला आत घातलं ते मानानं नाही. घातलं ते माझ्या व्याह्यांनी. दोन शब्दांत सगळं लग्न उरकणारा तो माणूस, हातातला माईक चालू आहे हे विसरून, अख्ख्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असा ओरडला,

“आगं ए कारभारणी, ही पंगत न्हाय, शर्यत हाय! पान वाढायची वाट काय बघताय, शिरा की आत!”